दूरचित्रवाणी संच स्वस्त होत जाईल काय?

चेन्नई शहराच्या उत्तरेस, कोसस्थलैयार नदी खाडीच्या वाटेने समुद्राला मिळते तेथे एन्नोर वसलेले आहे. मूळची ही कोळ्यांची किनारपट्टी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिचे रूप पालटले. अशोक लेलँडचा मालमोटारींचा कारखाना येथे उभा राहिला, १९७० मध्ये औष्णिक विद्युत केंद्र सुरू झाले (ते २०१७ मध्ये बंद पडले), आणि २००१ मध्ये बंदर खुले झाले. वीजकेंद्रांना लागणारा कोळसा उतरवून घेणे हे या बंदराचे मूळ प्रयोजन होते. २०१४ मध्ये त्याचे नाव कामराजर बंदर असे झाले. आता तेथून मोटारी परदेशी जातात आणि कंटेनरही हाताळले जातात. लगतच काट्टुपल्ली हे दुसरे बंदर आहे. ही दोन बंदरे आणि चेन्नईचे जुने बंदर मिळून श्रीपेरुंबुदूर-ओरगडम पट्ट्यातील कारखान्यांचा समुद्राकडील दरवाजा बनलेला आहे. त्या पट्ट्यात इतर अनेक वस्तूंबरोबर दूरचित्रवाणी संचांचीही जुळणी होते.

या किनाऱ्यावरच्या घरांत संच मात्र निराळ्या मार्गाने आला. २००६ च्या विधानसभा निवडणुकीत तमिळनाडूत दिल्या गेलेल्या आश्वासनानुसार त्या वर्षापासून २०११ पर्यंत राज्य सरकारने दीड कोटीहून अधिक कुटुंबांना चौदा इंची रंगीत संच विनामूल्य वाटले. ते संच चित्रनलिकेचे, म्हणजे मागे फुगीर पेटी असलेले होते. गंमत अशी की, सरकार हे संच वाटत असतानाच जगाच्या बाजारात चित्रनलिका अस्तंगत होत होती. २००७ च्या अखेरच्या तिमाहीत द्रवस्फटिकाच्या सपाट संचांची जागतिक विक्री प्रथमच चित्रनलिकेच्या संचांहून अधिक झाली. वाटलेले संच पुढे एकेक करून निकामी झाले आणि त्यांच्या जागी भिंतीवर टांगण्याचा संच घेण्याची वेळ आली. तेव्हा प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारला गेला असेल: आताच घ्यावा, की किंमत उतरेपर्यंत थांबावे?

मागचा अनुभव पाहता ‘थांबावे’ असे उत्तर देण्याचा मोह होतो. १९९७ मध्ये अमेरिकेत बेचाळीस इंची प्लाझ्मा संच सुमारे १५,००० डॉलरला विकला जात होता. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम पाच लाख रुपयांहून अधिक होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये शाओमी कंपनीने भारतात पंचावन्न इंची संच ३९,९९९ रुपयांना आणला. प्लाझ्माचे तंत्र वेगळे आणि द्रवस्फटिकाचे वेगळे, हे खरे. परंतु पाहणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सपाट पडदेच होत. एकवीस वर्षांत पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे पावणेदोन पट झाले आणि किंमत तेराव्या हिश्शावर आली. महागाई हिशेबात घेतल्यास घसरण याहूनही मोठी ठरते. गृहोपयोगी वस्तूंच्या इतिहासात अशी उदाहरणे थोडी आहेत.

ही घसरण कशी झाली हे समजले, तरच ती पुढे चालू राहील किंवा नाही याचा अंदाज करता येतो. त्यासाठी पडद्याच्या आत डोकावणे आवश्यक आहे.

द्रवस्फटिकाचा पडदा म्हणजे काचेच्या दोन अतिशय पातळ तक्त्यांमध्ये कोंडलेला एका विशिष्ट द्रवाचा थर होय. विजेच्या दाबाने या द्रवातील रेणूंची मांडणी बदलते आणि त्यानुसार मागून येणारा प्रकाश कमीअधिक प्रमाणात पुढे जातो. चित्र असंख्य ठिपक्यांचे बनलेले असते. ज्याला आज ‘फोर-के’ पडदा म्हणतात त्यात ३,८४० उभ्या व २,१६० आडव्या ओळी, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग असल्याने अडीच कोटींच्या आसपास सूक्ष्म खिडक्या तयार होतात. या प्रत्येक खिडकीची उघडझाप करण्यासाठी काचेवरच एक ट्रान्झिस्टर कोरलेला असतो. हे काम हाताने किंवा सुट्या भागांच्या जोडणीने होऊ शकत नाही. काचेवर धातूचा व सिलिकॉनचा थर चढवायचा, त्यावर प्रकाशाने नक्षी उमटवायची, नको असलेला भाग रसायनाने खरवडून काढायचा, आणि हीच क्रिया चारपाच वेळा करायची, असा हा क्रम आहे. धुळीचा एखादा कण बसला तरी पडदा बाद होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. काचेचा तक्ता लहान असो वा मोठा, क्रियांची संख्या तीच राहते. दिवाळीत शंकरपाळ्या करणाऱ्या गृहिणीला हे सांगावे लागणार नाही. लहान लहान पोळ्या लाटून प्रत्येकीच्या मूठभर शंकरपाळ्या कापण्यापेक्षा एक मोठी पोळी लाटून तिच्या शंभर कापणे कमी कष्टाचे असते. पडद्यांच्या कारखानदारांनी हेच केले. १९९० च्या सुमारास पहिल्या पिढीच्या कारखान्यांतील तक्ता जेमतेम ३०० बाय ४०० मिलिमीटरचा होता. एकविसाव्या शतकाच्या आरंभी पाचव्या पिढीत तो १,१०० बाय १,३०० मिलिमीटरपर्यंत पोहोचला. साडेआठव्या पिढीचा तक्ता २,२०० बाय २,५०० मिलिमीटरचा असून त्यातून पंचावन्न इंचाचे सहा किंवा बत्तीस इंचाचे अठरा पडदे निघतात. चीनमधील हफेई येथे बीओई कंपनीचा साडेदहाव्या पिढीचा कारखाना २०१७ च्या अखेरीस सुरू झाला. तेथील तक्ता २,९४० बाय ३,३७० मिलिमीटरचा, म्हणजे एखाद्या लहान खोलीच्या जमिनीएवढा, आणि जाडीने केवळ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आहे. त्यातून पासष्ट इंचाचे आठ पडदे निघतात. पहिल्या पिढीच्या तुलनेत तक्त्याचे क्षेत्रफळ सुमारे ऐंशी पटींनी वाढले. त्यावर काम करणारी यंत्रे महाग झाली, परंतु ऐंशी पटींनी महाग झाली नाहीत. पडद्याचा दर चौरस मीटरमागे उतरत गेला, त्याचे मर्म या फरकात आहे.

तथापि उत्पादन खर्च उतरला म्हणून विक्रीची किंमत आपोआप उतरते असे नाही. मध्ये बाजार उभा असतो. पडद्यांच्या बाजाराचा स्वभाव शेतमालाच्या बाजाराशी पुष्कळसा जुळतो. एका वर्षी कांद्याला भाव आला की पुढील वर्षी सगळेच कांदा लावतात व भाव कोसळतो, तसाच हा प्रकार आहे. नवा कारखाना उभारण्यास अब्जावधी डॉलर आणि दोनतीन वर्षे लागतात. भाव चढे असताना अनेकांनी घेतलेले निर्णय एकाच वेळी फळास येतात आणि बाजारात पडद्यांचा पूर येतो. गुंतविलेला पैसा यंत्रांत अडकलेला असल्याने कारखाना बंद ठेवणे त्याहून तोट्याचे. म्हणून तोटा सोसूनही उत्पादन चालू ठेवले जाते. ग्राहकाला स्वस्ताई लाभते ती बहुधा अशा काळात, म्हणजे कारखानदाराच्या हिशेबात तूट येत असताना.

हा फटका टाळण्यासाठी कारखानदारांनी गैरमार्गही अवलंबिला होता. २००१ ते २००६ या काळात कोरिया व तैवान येथील प्रमुख पडदा-उत्पादकांचे प्रतिनिधी तैपेईतील हॉटेलांत नियमितपणे भेटत आणि भाव आपसांत ठरवीत. पुढे हे उघडकीस आले. अमेरिकेत एलजी डिस्प्लेला ४० कोटी डॉलर आणि एयू ऑप्ट्रॉनिक्सला ५० कोटी डॉलर दंड झाला. युरोपीय आयोगाने डिसेंबर २०१० मध्ये सहा कंपन्या दोषी ठरवून एकूण सुमारे ६५ कोटी युरोचा दंड ठोठावला. त्यांपैकी सॅमसंगने कटाची माहिती स्वतःहून दिल्याने तिला दंडातून पूर्ण माफी मिळाली. ज्या वर्षांत पडदे स्वस्त होत आहेत म्हणून सारे जग आनंदित होते, त्याच वर्षांत ते आणखी स्वस्त होऊ नयेत अशी व्यवस्था चाललेली होती, असा याचा अर्थ आहे.

किमतीच्या घसरणीची झळ केवळ परदेशी कंपन्यांना लागली असे नव्हे. औरंगाबादजवळच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) चितेगाव येथे कारखाना असलेल्या व्हिडिओकॉन कंपनीचे नाव महाराष्ट्रातील घराघरांत परिचित होते. २००५ मध्ये या कंपनीने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनलिकांचा व्यवसाय विकत घेतला. चीन, मेक्सिको, पोलंड व इटली येथील कारखाने तिच्या ताब्यात आले, आणि एक भारतीय कंपनी चित्रनलिकांच्या क्षेत्रात जगातील मोठ्या उत्पादकांत गणली जाऊ लागली. हिशेब वरकरणी चुकीचा नव्हता. सपाट पडदे तेव्हा महाग होते आणि गरीब देशांत चित्रनलिकेला अद्याप दीर्घ आयुष्य आहे असे अनेक जाणकारांना वाटत होते. परंतु सपाट पडद्यांच्या किमती अपेक्षेहून फार लवकर उतरल्या. दोनच वर्षांत जागतिक बाजाराचे पारडे फिरले व विकत घेतलेले कारखाने ओझे बनले. २०१८ मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली. तिच्या पतनाला तेल व दूरसंचार क्षेत्रांतील गुंतवणूक आणि कर्जाचा डोंगर अशी इतर मोठी कारणे होती, हे विसरता येणार नाही. तरीही ‘किमती किती वेगाने उतरतील’ या प्रश्नाचे उत्तर चुकल्यास काय होते, याचे हे बोलके उदाहरण आहे. ग्राहकाचे उत्तर चुकले तर त्याचे हजारदोन हजार रुपये जातात.

आता एन्नोरच्या धक्क्याकडे परतावे. भारतात संचांची जुळणी होते, पण पडद्याचा गाभा, म्हणजे ज्याला या व्यवसायात ‘ओपन सेल’ म्हणतात ती द्रवस्फटिक भरलेली काच, आयात करावी लागते. संचाच्या एकूण उत्पादन खर्चात या एकाच भागाचा वाटा साठ टक्के किंवा त्याहूनही अधिक असतो. पूर्ण तयार संच खोक्यात पुष्कळ पोकळ जागा व्यापतो, त्यामुळे एका कंटेनरमध्ये तो थोड्याच संख्येने मावतो. उलट सुटी काच एकावर एक रचून आणता येते. बंदराजवळ जुळणीचे कारखाने निघण्यास जी कारणे आहेत, त्यांत हेही एक आहे. मागून प्रकाश देणारे दिवे, प्लॅस्टिकची चौकट, वीजपुरवठ्याची पाटी व ध्वनिवर्धक येथे बसविले जातात. जुळणी करणाऱ्या कामगाराच्या मजुरीचा एका संचाच्या किमतीतील हिस्सा अल्पच असतो.

काच डॉलर मोजून घ्यावी लागते आणि संच रुपयांत विकला जातो. २०१० मध्ये एका डॉलरला सुमारे ४५ रुपये पडत. २०२४ मध्ये ८३ ते ८५ रुपये पडू लागले आणि २०२५ च्या डिसेंबरात दराने नव्वदीही ओलांडली. म्हणजे हफेईच्या कारखान्यात पडद्याचा दर निम्म्यावर आला, तरी एन्नोरच्या दुकानदाराला तो निम्म्याने स्वस्त पडेलच असे नाही.

यानंतर कर येतात. त्यांचा अलीकडचा इतिहास थोडा गुंतागुंतीचा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये तयार संचांवरील सीमाशुल्क १० टक्क्यांवरून २० टक्के करण्यात आले. परदेशी संच महाग करून देशी जुळणीला आधार द्यावा हा हेतू उघड होता. परंतु २०१८ मध्ये ओपन सेलवरही ५ टक्के शुल्क बसले. परिणाम उलटा झाला. आग्नेय आशियातील देशांशी असलेल्या व्यापार करारामुळे व्हिएतनाममधून तयार संच शुल्काविना आणता येत होते, तर भारतात जुळणीसाठी लागणाऱ्या काचेवर मात्र शुल्क द्यावे लागत होते. सॅमसंगने त्याच वर्षी श्रीपेरुंबुदूर येथील संचांची जुळणी थांबविली व व्हिएतनाममधून तयार संच आणण्यास आरंभ केला. सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारने काचेवरील शुल्क रद्द केले, जुलै २०२० मध्ये तयार संचांच्या आयातीसाठी परवाना आवश्यक केला, आणि ऑक्टोबर २०२० पासून काचेवर पुन्हा ५ टक्के शुल्क लागू केले. दरम्यान जुळणी देशात परतली. तिरुपतीच्या डिक्सन कंपनीसारखे कारखाने निरनिराळ्या नाममुद्रांचे संच जुळवू लागले. श्रीपेरुंबुदूरलाही पुन्हा संच तयार होऊ लागले. तेथील कामगारांनी सप्टेंबर २०२४ मध्ये वेतन व संघटनेच्या मान्यतेसाठी केलेला महिन्याहून अधिक काळाचा संप सर्वत्र गाजला. या साऱ्या उलाढालीत पडद्याचे तंत्र काडीइतकेही बदललेले नव्हते. बदलत होता तो फक्त सरकारी आदेश, आणि त्याबरोबर संच कोठे जुळवायचा याचा निर्णय.

तयार संचांवरील कराचा परिणाम किती थेट असतो हे चेन्नईच्या विमानतळावरही दिसले होते. सिंगापूर किंवा बँकॉकहून परतणारे प्रवासी सपाट संच सामानातून आणीत, कारण तेथे ते स्वस्त मिळत. २६ ऑगस्ट २०१३ पासून अशा संचांवरील सवलत काढून घेण्यात येऊन ३६.०५ टक्के शुल्क लागू झाले. रुपया घसरत असताना परकीय चलन वाचविण्यासाठी योजलेला तो उपाय होता.

वस्तू व सेवा कराचे उदाहरण याहूनही स्पष्ट आहे. २०१७ मध्ये संचांवर २८ टक्के कर होता. जानेवारी २०१९ पासून बत्तीस इंचांपर्यंतच्या संचांवरील कर १८ टक्के झाला. मोठ्या संचांना ही सवलत २२ सप्टेंबर २०२५ रोजी मिळाली. समजा, एका त्रेचाळीस इंची संचाची करपूर्व किंमत २०,००० रुपये आहे. २८ टक्के करासह तो २५,६०० रुपयांना पडे, आता २३,६०० रुपयांना पडेल. ही दोन हजारांची बचत एका रात्रीत झाली. तिच्यासाठी ना मोठी काच लागली, ना नवे यंत्र.

किमती वर जाऊ शकतात हेही अलीकडेच दिसून आले आहे. २०२० च्या मध्यापासून वर्षभरात, साथीच्या काळात जगभर लोक घरी बसले असताना, बत्तीस इंची पडद्याचा घाऊक भाव दुपटीहून अधिक वाढला. त्यात कंटेनरच्या भाड्याची भर पडली. नंतर २०२२ मध्ये तोच भाव पूर्वीपेक्षाही खाली कोसळला. या कोसळण्यात जुने कारखानदार बाजूला झाले. सॅमसंगने २०२२ च्या मध्यास द्रवस्फटिकाच्या पडद्यांचे उत्पादन बंद केले. जपानमधील साकाई येथील शार्पचा प्रचंड कारखाना २०२४ मध्ये थांबला. एलजीचा चीनमधील ग्वांगझौचा कारखाना एप्रिल २०२५ मध्ये चिनी कंपनीकडे गेला. आता दूरचित्रवाणीच्या द्रवस्फटिक पडद्यांचे दोन तृतीयांशाहून अधिक उत्पादन चीनमधील मोजक्या कंपन्यांच्या हाती आहे. भाव उतरू लागताच या कंपन्या उत्पादन आखडते घेतात. पूर्वी आठदहा प्रतिस्पर्धी एकमेकांवर मात करण्यासाठी तोटा सोसत. आता तशी निकड राहिलेली नाही. भावी घसरणीविषयी आशावादी असलेल्यांनी या एका बदलाचा पुरेसा विचार केलेला दिसत नाही.

शिवाय किमतीला तळ असतो. बत्तीस इंची संचात काच कितीही स्वस्त झाली तरी प्लॅस्टिक, तांबे, दिवे, खोके, वाहतूक, दुकानदाराची अडत व कर शिल्लक राहतातच. मार्च २०१८ मध्ये शाओमीने या आकाराचा संच १३,९९९ रुपयांना आणला होता. त्यानंतर लहान संचांच्या किमतीत जी घट झाली ती पूर्वीच्या घसरणीपुढे किरकोळ आहे. २०२५ च्या अखेरीस संगणकीय स्मृतीच्या चकत्या महागल्या, आणि प्रत्येक ‘स्मार्ट’ संचात त्या लागत असल्याने तळ थोडा वरच सरकला.

तरीही सांख्यिकीत किमती उतरतच असलेल्या दिसतात. अमेरिकेच्या ग्राहक किंमत निर्देशांकात दूरचित्रवाणी संचांचा आकडा दोन दशकांत ९० टक्क्यांहून अधिक घसरला आहे. हा आकडा वाचताना सावधगिरी बाळगणे जरूर आहे. पूर्वीइतक्याच पैशांत मोठा व अधिक स्पष्ट पडदा मिळू लागला, तर सांख्यिक ती किंमत घटली असे मानतो. दुकानात गेलेल्या माणसाच्या खिशातून मात्र तितकेच पैसे जातात. तळाशी पोहोचलेली घसरण अशा रीतीने आकाराच्या रूपाने ग्राहकाला मिळते: त्याच रकमेत काल बत्तीस इंची, आज त्रेचाळीस इंची संच. पासष्ट व पंचाहत्तर इंची संचांच्या किमती यापुढेही काही काळ खऱ्या अर्थाने उतरण्याची शक्यता आहे, कारण साडेदहाव्या पिढीचे तक्ते त्याच मापांसाठी बेतलेले आहेत. लहान संचांविषयी तसे म्हणता येत नाही.

किमतीचा काही भाग आता निराळ्या मार्गानेही वसूल होतो. अमेरिकेतील व्हिझिओ कंपनीला २०२१ च्या सुमारास संच विकून होणाऱ्या नफ्याहून पडद्यावर दाखविलेल्या जाहिराती व प्रेक्षकांच्या आवडीनिवडीची माहिती यांतून होणारा नफा अधिक झाला. अशा संचाची स्वस्ताई ही काही अंशी उधारी असते. ती प्रेक्षक रोज थोडीथोडी फेडतो.

मग एन्नोरच्या घरातील मूळ प्रश्नाचे काय? समजा, २०,००० रुपयांचा संच वर्षाला पाच टक्क्यांनी स्वस्त होत आहे. लहान वा मध्यम आकारासाठी हा अंदाजही उदारच म्हणावा लागेल. वर्षभर थांबल्यास १,००० रुपये, म्हणजे दिवसाला तीन रुपयांहूनही कमी वाचतात. घरातला जुना संच चालू असेल तर ही बचत पदरात पाडून घेण्यास हरकत नाही. तो बंद पडलेला असेल, तर वर्षभर रिकाम्या भिंतीकडे पाहण्याचा मोबदला दिवसाला तीन रुपये घेणे परवडते किंवा नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. रुपया घसरला किंवा काच महागली तर तेही मिळणार नाहीत.